पुसलेली ओळ

काक्कनाडच्या त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कोळंबीच्या पेट्यांचा तक्ता जिन्सीचा, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. पडद्यावर एका पेटीचं वजन बदललं की खालची बेरीज आपोआप बदलायची. ते बसवायला जिन्सीने जिवाचं रान केलं होतं. आणि आता बिजोय सर नव्या नीथूचं कौतुक करत सुटले होते. का, तर तिने तो तक्ता बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या!

"सोमवारपासून तक्ता नीथूकडेच द्यावा म्हणतो," सर म्हणाले. जिन्सीच्या अंगाचा तिळपापड झाला. राबायचं आपण आणि मिरवायचं हिने?

टेस्ट सगळ्या हिरव्या. म्हणजे पास. पण टेस्ट खरी की नुसती शोभेची, हे कळायला चालता कोड मुद्दाम मोडून बघावा लागतो. दुपारी जिन्सीने बेरीज बदलणारी ओळ पुसली आणि टेस्ट चालवल्या. त्या हिरव्याच राहाव्यात, शोभेच्याच ठराव्यात, म्हणून ती वल्लारपाडमच्या मातेला नवससुद्धा बोलली.

टेस्ट लगेच लाल झाली. खाली चोख लिहिलेलं: वजन बदललं, बेरीज जुनीच राहिली.

"मेलीने नेमकं पकडलं," जिन्सी पुटपुटली. तणतणत कँटीनमध्ये जाऊन तिने पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, हाणली, परत आली आणि दिवसभराचं काम सगळ्यांच्या कोडात पाठवून मोकळी झाली. पुसलेली ओळ परत घालायची मात्र राहिलीच.

सगळ्यांच्या टेस्टचा निकाल दाखवणारा भिंतीवरचा मोठा पडदा लाल झाला. त्यावर नाव जिन्सीचं.

"जिन्सी, अगं हे काय? तुझ्या हातून?" सर उभेच राहिले.

"सर, चेचींनी मुद्दाम मोडलंय," नीथू पलीकडून म्हणाली; जिन्सीला ती चेची, म्हणजे ताई, म्हणायची. "माझ्या टेस्ट खऱ्या आहेत का, ते बघायला. दुसऱ्या कुणी बघितलं का एवढं?"

"असं होय!" सर हसले. "मग राहू दे तक्ता तुझ्याकडेच, जिन्सी. एवढा जीव कोण लावणार त्याला!"

नीथू खुर्ची सरकवत जवळ आली. हळूच म्हणाली, "चेची, ती ओळ तुम्ही घालताय की मी घालू?"

जिन्सीने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

"मी घालते," ती म्हणाली.

पडदा हिरवा झाला. तक्ता जिन्सीचाच राहिला होता, आणि तरी नीथूचा हेवा तिलाच वाटत होता.