पट्टीवरचा पोचा

दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षं धातू घासून मावशी निवृत्त झाली, आणि तिचे हात काही स्वस्थ बसेनात. पहिल्या महिन्यात तिने घरातले सगळे नळ लखलखीत केले. दुसऱ्या महिन्यात दारांच्या कड्या. तिसऱ्या महिन्यात ती शेजारणीच्या कड्यांना हात घालायला निघाली, तेव्हा भाचीने तिला सरळ आपल्या गॅरेजात नेलं.

भाची जुन्या गाड्या दुरुस्त करायची. त्या वेळी तिच्याकडे एका निवृत्त भूगोलाच्या मास्तरांची पन्नास वर्षं जुनी, सायीच्या रंगाची गाडी आली होती. इंजिन सुधारलं होतं, रंगही नवा झाला होता. अडलं होतं ते दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या चकचकीत पट्ट्यांपाशी. तशा पट्ट्या आता कुठे मिळत नव्हत्या, आणि मुलामा देणाऱ्याने तर या भंगारात टाका म्हणून हात झटकले होते.

मावशीने एक पट्टी उचलली, नखाने खरवडली, उजेडात तिरपी धरली. मग म्हणाली, "अगं, याला मुलामा कुठाय? हे आतबाहेर स्टीलच आहे. घासू तेवढं उजळेल."

दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन गॅरेजात हजर. पट्टी लाकडी ठोकळ्यावर पालथी ठेवायची आणि बोथट खिळ्याने मागून हलके हलके ठोकून पोचे वर काढायचे. मग बारीक कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आणि शेवटी फिरत्या चाकावर चकाकी. चार दिवसांत उजवी बाजू आरसा झाली. भाची त्यात बघून केस सारखे करू लागली.

डाव्या बाजूच्या मागच्या दाराची पट्टी मात्र चांगलीच चेपली होती आणि तिच्यावर वीतभर लांब ओरखडा होता. त्याची कथा गॅरेजात सगळ्यांना पाठ होती, कारण मास्तर आले की ती सांगितल्याशिवाय जात नसत. चाळीस वर्षांपूर्वी बाई, म्हणजे मास्तरांची बायको, गाडी शिकत होत्या. तिसऱ्याच दिवशी फाटकातून बाहेर काढताना त्यांनी ती खांबाला घासली, आणि त्यानंतर बाईंनी चाक हातात घेतलं नाही ते नाहीच. मास्तर हे हसत हसत सांगत. बाई शेजारी उभ्या राहून पर्सचा बंद नीट करत.

मावशीने ठोकायला खिळा उचलला आणि थांबली. भिंग काढून तिने ओरखडा पुन्हा पुन्हा पाहिला. पस्तीस वर्षं तिने याहून बारीक ओरखडे वाचले होते. घासणारी वस्तू जिकडे सरकते तिकडे धातू ढकलला जातो आणि शेवटाला त्याची कड गोळा होते. गाडी पुढे जात असती तर ती कड मागच्या टोकाला असती. इथे ती पुढच्या टोकाला होती. गाडी मागे येत होती.

तिने भाचीला दाखवलं. भाची म्हणाली, जाऊ दे, चाळीस वर्षांचं भांडण उकरून काय मिळणार, घासून टाक. पण एकदा घासलं की पुरावा गेला. मावशीला काही ते जमेना. तिने फोन करून दोघांनाही बोलावून घेतलं.

ती बाईंना एवढंच म्हणाली, "तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्हाला गाडी मागे घ्यायला शिकवलं होतं का हो?"

"छे. मागे घ्यायची ती हेच घ्यायचे," बाई म्हणाल्या.

मावशीने भिंग त्यांच्या हातात दिलं आणि बोट ठेवून सगळं समजावलं. मग भिंग मास्तरांकडे गेलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. नकाशे वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला दिशा कळत नव्हती असं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आदल्या दिवशी गाडी मागे घेत आत आणताना खर्रकन आवाज झाला होता खरा," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, कुंडी असेल. चुकलंच माझं."

बाईंना हसू फुटलं, आणि ते आवरेचना. डोळे पुसत त्या मावशीला म्हणाल्या, "काढून टाका हो तो पोचा. आणि गाडी झाली की मला आधी सांगा, यांना नंतर."

त्या पट्टीने मावशीचा घाम काढला. एकदा तर ती चाकात अडकून हातातून उडाली आणि टोकाला वाकली. अख्खा दिवस ते सरळ करण्यात गेला. पण आठवड्याने सगळ्या पट्ट्या बसल्या, तेव्हा डाव्या दारावरून बोट फिरवूनही कुठे काही लागेना.

बाई सकाळी दहालाच आल्या, पायात सपाट बूट घालून. त्यांनी मास्तरांपुढे हात पसरला. "अहो, किल्ली द्या."

मास्तरांनी ती निमूट दिली आणि स्वतःच मागे जाऊन बसले. पुढे बाईंच्या शेजारी मावशी. गॅरेजच्या मोकळ्या आवारात गाडी दोनदा धक्के देऊन बंद पडली, तिसऱ्यांदा मात्र निघाली. दुसरा गिअर काही सापडेना, म्हणून बाई पहिल्यावरच गोल गोल फिरत राहिल्या, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. चौथ्या फेरीला त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला. भाचीने हातातला पाना खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

"मागे घ्यायला केव्हा शिकवणार?" बाईंनी समोरच बघत विचारलं.

"उद्या," मागून मास्तर म्हणाले. "मी खाली उतरून उभा राहतो."