सेटिंगला हात लावू नकोस

"मुलासाठी बघताय का?" विक्रेत्याने विचारलं आणि तिचं आधीच तापलेलं डोकं आणखी तापलं. खांद्यावर बेस गिटार, बोटांना घट्टे, अंगात लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा निळा डगला, तरी या गृहस्थाला तिच्या मागे कुठला तरी मुलगा दिसत होता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "बेसला लावायचं मल्टी-इफेक्ट्स पेडल. स्वस्तातलं. आणि शंभर आवाज दाखवू नका, चार धड दाखवा." बेसचा खालचा, जाड सूर हवा तसा बदलणारं हे पायाने दाबायचं खोकं तिला उद्याच्या आत हवं होतं.

खरं तर राग विक्रेत्यावर नव्हता, तो बिचारा वाटेत सापडला. राग होता मागच्या रविवारचा.

दर रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या कोठारात त्यांची तालीम चालायची. माणसं तीनच. बेकरीचा मालक ड्रम वाजवायचा, तिचा थोरला भाऊ गिटार वाजवायचा आणि गायचा, आणि ती बेस. दादा गिटारचे क्लास घ्यायचा, गावभर त्याला सर म्हणायचे, त्यामुळे बँडही त्याचाच, गाणीही त्याचीच आणि शेवटचा शब्दही त्याचाच. वाजवताना ती जागची हलत नाही म्हणून त्याने तिचं नाव खांब पाडलं होतं. त्यावर सगळे हसायचे. तीही हसायची, सात वर्षं हसत होती.

मागच्या रविवारी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात दोघा-तिघांनी सांगितलं होतं की बेस ऐकूच येत नाही. दादाने तेच धरून बेकरीवाल्यासमोर तिला सुनावलं, "तुझ्या बोटांत दमच नाही. मी आणखी किती वर्षं सांभाळून घेऊ? की-बोर्डवाला एक जण यायला तयार आहे. त्याच्या डाव्या हातात बेस होऊन जाईल."

"ताईचं पेडल जुनं झालंय," बेकरीवाला मध्ये पडला. "एकदा नवं लावून बघू या की."

"पेडलने काय होणार? घे हवं तर. पण पुढच्या रविवारी फरक दिसला नाही तर मग वाईट वाटून घ्यायचं नाही."

वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणे! आठवडाभर ती लिफ्टच्या खोल्यांमधून फिरत होती आणि प्रत्येक नट गरजेपेक्षा जास्त आवळत होती. सांभाळून कोण कोणाला घेत होतं, हे तिला ठाऊक होतं. दादा दुसऱ्या कडव्याला हमखास उशिरा यायचा. लोकांकडे बघून हसण्याच्या नादात त्याचा ठेका सुटायचा. मग ती तेवढ्या दोन मात्रा पुन्हा फिरवून आणायची, बेकरीवाला तिच्याकडे बघून तिच्या मागे यायचा आणि दादाला वाटायचं की आपण अगदी वेळेवर आलो. हे त्याला कधी कळलं नाही. कळणार कसं, तिचा बेस कुणाला ऐकू येतच नव्हता.

म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती या दुकानात आली होती, आणि बरोबर जुनं पेडलही आणलं होतं. बदल्यात देऊन थोडे पैसे सुटले तर बरंच, असा हिशेब.

विक्रेत्याने पहिलं पेडल काढलं ते ताटाएवढं. रंगीत पडदा, आठ बटणं. "यात अवकाशाचे आवाजसुद्धा आहेत," तो कौतुकाने म्हणाला.

"मला जमिनीवरचे हवेत."

दुसरं त्यातल्या त्यात स्वस्त होतं. तिने बेस जोडला, सगळ्यात जाड तार मोकळी छेडली आणि डावा तळवा स्पीकरच्या पेटीवर ठेवला. विक्रेता चक्रावून बघत राहिला. पण तिची पद्धत तीच होती. लिफ्टची मोटर तपासताना ती आधी हात ठेवायची, कान नंतर. कानाला फसवता येतं, तळव्याला नाही. पेडल बंद असताना पेटी हाताखाली घुमली; दुकानातली पेटी भारी असेल, असं तिला वाटलं. पेडल चालू करून जरा खरखरीत आवाज लावला, तर हाताखाली काहीच उरलं नाही.

"हे गिटारचं आहे," ती म्हणाली. "खालचा सूर खाऊन टाकतंय."

"बेसलाही चालतं की, मॅडम. सगळे नेतात."

"सगळ्यांना नेऊ द्या."

तिसऱ्याचंही तेच झालं. चौथं कोपऱ्यात पडलेलं होतं, कुणीतरी वापरून विकलेलं. रंग उडालेला, तीन बटणं, पडदा बोटभर. त्यात तारा सुरात जुळवायला ट्यूनर होता, जोरात आणि हळू वाजलेले सूर एका पातळीवर आणणारा कंप्रेसर होता आणि मुख्य म्हणजे खरखर किती आणि मूळ सूर किती, हे ठरवायला एक वेगळी खुंटी होती. तिने खुंटी अर्ध्यावर ठेवली आणि जाड तार छेडली. आवाज वर करवतीसारखा चिरला, पण खाली पेटी घुमतच राहिली. किंमतही खिशाला झेपणारी.

"आता माझं जुनं लावून बघते," ती म्हणाली. फरक किती, ते तिला जोखायचं होतं.

जुनं पेडल लावलं, तीच तार, तोच तळवा. तर पेटी मेलेली. तिने सगळे इफेक्ट बंद केले, तरीही मेलेली. नुसता बेस, मध्ये काहीही नाही, तरी आवाज असा की जणू कुणी डब्याचं झाकण वाजवतंय. हाच आवाज ती सात वर्षं ऐकत आली होती. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती याच पेडलला हेडफोन लावून वाजवायची, तेव्हाही हाच. बेस शिकायला लागली त्याच आठवड्यात दादाने हे पेडल दिलं होतं. आपला बेस म्हणजे असाच, असं ती धरून चालली होती.

"हे असं व्हायला नको," काउंटरमागून आवाज आला. दुरुस्तीवाले काका सोल्डरिंगची सळई ठेवून उठले होते. त्यांनी पेडल उलटं केलं आणि खालच्या पत्र्यावरची चिकटपट्टी बघून म्हणाले, "अरे, ही तर माझीच सही. दोन वर्षांपूर्वी मीच दुरुस्त केलंय. आतलं सगळं पुसून अगदी कोरं करून दिलं होतं. एक गृहस्थ घेऊन आले होते. गिटारचे सर."

"माझा भाऊ."

काकांनी चष्मा खाली ओढला आणि पडद्यावरची पानं एकेक करून उलटत गेले. शेवटच्या पानावर थांबले. "हे बघा. खालचा आवाज कापायची सेटिंग. पार वरपर्यंत चढवून ठेवलीय. ही सगळ्या आवाजांना लागू होते, इफेक्ट चालू असो की बंद. हे आपोआप होत नाही, ताई. कुणीतरी हाताने लावलंय."

"आधीपासून असेल."

"कसं असेल? मी कोरं केलं होतं ना. त्यानंतर लावलंय."

त्यांनी खुंटी फिरवून सेटिंग शून्यावर आणली. "आता वाजवा."

तिने वाजवलं. पेटी घुमली, काउंटरची काच घुमली, तळव्यातून सूर थेट कोपरापर्यंत चढला. तिच्या बोटांचा आवाज. दम नसलेल्या बोटांचा.

तिला रडू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सेटिंगला हात लावू नकोस, मी सगळं लावून दिलंय, उगाच बिघडवशील," पेडल देताना दादा म्हणाला होता. दोन वर्षांपूर्वी दुरुस्त करून आणलं तेव्हाही तेच म्हणाला. आणि तिने हात लावला नव्हता! घरातला मिक्सर असो, शेजाऱ्यांचा पंखा असो, बारा मजली इमारतीची लिफ्ट असो, झाकण उघडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. या एकाच वस्तूचं झाकण तिने सात वर्षं उघडलं नाही, कारण ती दादाने दिली होती. त्याने केसाने गळा कापला, हे खरं. पण मान पुढे करून ती स्वतःच बसली होती, याचा संताप जास्त होता.

"आता नवं कशाला घेता?" काका प्रामाणिकपणे म्हणाले. "हेच छान चालेल."

"चालेल. पण मला नको." तिने कोपऱ्यातलं रंग उडालेलं पेडल पुढे ओढलं. स्टूल घेऊन बसली आणि त्याची सगळी पानं स्वतः उघडून पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एखाद्या लिफ्टची तपासणी करावी तशी. जिथे शंका आली तिथे काकांना विचारलं. विक्रेता दोनदा घड्याळात बघून गेला. जुनं पेडल बदल्यात घेऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही. ते ज्याचं आहे त्याला द्यायचंय."

रविवारी ती कोठारात सगळ्यांच्या आधी पोचली. एका भिंतीला मैद्याची पोती, दुसऱ्या भिंतीला लोखंडी रॅक आणि त्यावर पावाचे रिकामे पत्र्याचे ट्रे. सात वर्षं सगळं जिथल्या तिथे होतं. तिने तारा जोडल्या आणि जुनं पेडल दादाच्या स्पीकरवर ठेवून दिलं.

दादा आला. "अरे वा, खांबाने खरेदी केली वाटतं!" जुन्या पेडलकडे त्याने पाहिलं आणि गिटार जुळवायला लागला.

बेकरीवाल्याने काड्या आपटून चार मोजले आणि तिने पहिला सूर लावला. रॅकवरचे ट्रे थरथरले. आधी एक, मग सगळे. बेकरीवाला वाजवायचा थांबला आणि तोंड उघडं टाकून रॅककडे बघत राहिला.

"ताई, हे ट्रे माझ्या ड्रमनेसुद्धा कधी वाजले नव्हते."

"कमी कर गं," दादा म्हणाला. "माझी गिटार बुडतेय त्यात."

"म्हणून कापला होतास का माझा आवाज?"

"काय बोलतेस?"

"त्या पेडलचं शेवटचं पान उघड. काल मी उघडलं."

दादाचा चेहरा उतरला, पण सर म्हणवून घ्यायची सवय अशी एका दिवसात जात नाही. "तू तेव्हा शिकत होतीस. तुझ्या चुका लोकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून केलं. तुझ्या भल्यासाठीच. नंतर विसरून गेलो."

"विसरलास? दोन वर्षांपूर्वी दुकानात ते पुसून कोरं केलं होतं. काकांच्या सहीची पट्टी आहे खाली. त्यानंतर कुणी लावलं पुन्हा? मी तर हात लावला नाही. तूच सांगितलं होतंस, लावू नकोस म्हणून!"

बेकरीवाल्याने हळूच काड्या मांडीवर ठेवल्या.

"मागच्या रविवारी याच्या देखत म्हणालास, बोटांत दम नाही. स्वतः आवाज कापायचा आणि वर ऐकू येत नाही म्हणून हाकलून द्यायचं! लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"तुझा आवाज वर आला की माझी गिटार बारीक वाटते," तो शेवटी पुटपुटला. "क्लासची मुलं येतात कार्यक्रमाला. त्यांना वाटेल, सरांपेक्षा..."

एवढंच होतं तर. तिला वाटलं होतं, खरं कारण ऐकलं की राग थोडा तरी उतरेल. तो उतरला नाही, नुसता स्थिर झाला.

"मग आता काय?" दादा म्हणाला. "बँड सोडतेस?"

"मी का सोडू? मी काय केलंय?"

"बरं, पण आवाज तरी कमी कर. ते ट्रे बघ कसे खडखडताहेत, गाणं ऐकू येईल का त्यात?"

ती तोंड उघडायच्या आत बेकरीवाला ड्रममागून उठला. त्याने रॅकवरचे ट्रे काढले आणि दोन-दोन करत बाहेर नेऊन ठेवायला सुरुवात केली. सगळा रॅक रिकामा केला. मग हातावरचं पीठ झटकत तो जागेवर येऊन बसला.

"झालं," तो म्हणाला. "वाजव ताई, आहे तेवढ्याच आवाजात."

त्याने पुन्हा चार मोजले. पहिलं कडवं नीट गेलं. दादाचा आवाज जरा कापत होता, पण गेलं. दुसऱ्या कडव्याची जागा आली आणि नेहमीसारखा त्याचा ठेका सुटला. बेकरीवाल्याने सवयीने तिच्याकडे पाहिलं, त्या दोन मात्रा आता ती फिरवून आणेल म्हणून.

तिने आणल्या नाहीत. ती पुढे गेली, बेकरीवाला तिच्यामागे गेला आणि दादा तोंड उघडून तिथेच राहिला. आपण उशिरा आलोय, हे सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला ऐकू आलं.