लेहहून आलेली उर्दू पत्रं

गोरक्ष लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, तेव्हा उज्वलाला वाटलं, आता तरी माणूस घरात दिसेल. नांदगावाकडचं गाव सोडून दोघांनी नाशकात, इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या. एका कारखान्याच्या गेटवर त्याला नोकरीही लागली. हे २००१ सालचं. आणि मग पत्रं यायला लागली.

पहिलं पत्र पोस्टमननं उज्वलाच्याच हातात दिलं. पत्ता इंग्रजीत, पाठवणाऱ्याच्या जागी लेह. गोरक्षनं फोडलं तर आत सगळी उर्दू अक्षरं.

"अहो, उर्दूत कोण लिहितं तुम्हाला?"

"युनिटचं काम हाय," म्हणत त्यानं पत्र ट्रंकेत टाकलं आणि कुलूप लावलं.

युनिट उर्दूत पत्रं लिहीत नाही एवढं उज्वलाला कळत होतं. शेजारच्या पुतळाबाईनं तर डोळेच मोठे केले. "तिकडून, उर्दूत? बाई, कारगिलला दोनच वर्षं झालीत. कुणाच्या कानावर जाऊ देऊ नको." पण उज्वलाला धास्ती होती ती वेगळीच. अठरा वर्षं नवरा दूर राहिला होता. त्यातल्या अठरा महिन्यांचाही हिशेब तिला नीट ठाऊक नव्हता.

तिसऱ्या पत्रातून फोटो पडला. दोन वेण्या घातलेली तिशीची बाई, मांडीवर मूल.

"कोण ही?"

"तिकडच्या एका म्हाताऱ्याची लेक. यांगचेन."

"अन् मूल?"

"तिचंच. दुसऱ्या कुणाचं असणार?" तो हसला.

पत्र आलं की पुढच्या सुट्टीला गोरक्ष कुठं तरी जायचा. एरवी कोथिंबीर आणायला निघाला तरी सांगून जाणारा माणूस, त्या दिवशी मुकाट्यानं चपला घालायचा. एकदा उज्वला दुसऱ्या रिक्षानं त्याच्या मागे गेली. नाशकातल्याच द्वारका चौकात तो उतरला, ट्रकवाल्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत शिरला आणि एका हिरव्या दाराशी थांबला. दार एका बाईनं उघडलं. तो तासाभरानं बाहेर आला.

म्हणजे लेहला एक आणि द्वारकेला एक!

सोमवारी तो कामावर गेल्यावर तिनं दाढीच्या डब्यातली किल्ली काढली, ट्रंकेतलं वरचं पत्र घेतलं आणि तेच हिरवं दार वाजवलं. दारात साठीच्या, जाड चष्म्याच्या बाई. शमीमबाई, उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. उज्वलानं पत्र पुढं केलं तशा त्या समजल्या.

"हवालदारसाहेबांच्या मिसेस ना तुम्ही? एकाचं पत्र मी दुसऱ्याला वाचून दाखवत नाही."

"मी दुसरी नाय. बायको हाय."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. "बसा. नाही वाचलं तर तुम्ही याहून वाईट काही तरी धरून बसाल."

"तिकडं शाळेत उर्दूच शिकवतात," म्हणत त्या सावकाश, मराठीत सांगत वाचू लागल्या.

"गोरक्षभाई, यंदाही डोंगरावर बर्फ थोडाच पडला. जो पडला तो लवकर वितळून गेला. जवाला पाणी हवं तेव्हा ओढा कोरडा. बावीस घरांपैकी नऊ घरं लेहला मजुरीला गेली. उरलेल्यांनी ठरवलंय, गाव सोडायचं आणि खाली नदीकाठच्या माळावर बसायचं. तिथं पाणी न्यायला लांब पाट खोदावा लागेल. तुम्ही ऑगस्टमध्ये येतो म्हणालात, म्हणून आईला धीर आहे. शहाण्णवच्या उन्हाळ्यात बाबांच्या जागी तुम्ही सुट्टीचा सगळा महिना आमच्या जुन्या पाटावर दगड वाहिलेत, ते गाव विसरलेलं नाही..."

"थांबा," उज्वला म्हणाली. "कोणतं साल?"

"शहाण्णव."

शहाण्णवच्या मे महिन्यात तिच्या माहेरी टँकरचं पाणी विहिरीत सोडलं जायचं आणि त्यावर झुंबड उडायची. त्या झुंबडीत तिचे वडील मोतीराम पडले, मांडीचं हाड मोडलं. तिनं गोरक्षला लिहिलं होतं, काही करून या. उत्तर आलं होतं, सुट्टी मंजूर नाही. आषाढात वडील गेले.

दुसऱ्या बाईचा संशय तिथंच गळून पडला. पण त्याच्या जागी जे आलं, ते जास्त जड होतं.

गोरक्ष घरी आला तेव्हा पत्र ट्रंकेवर उघडंच होतं.

"त्या वर्षी सुट्टी मिळाली होती," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

तो खाली बसला. "मिळाली होती."

"माझा बाप हाड मोडून पडला होता अन् तुम्ही तिथं दगड वाहत होता!"

"आदल्या हिवाळ्यात आमची गाडी बर्फाखाली गाडली गेली. त्या गावच्या लोकांनी हातानं उकरून काढलं मला. यांगचेनच्या बापाची चार बोटं गेली त्यात. उन्हाळ्यात पाट खोदायचा, प्रत्येक घरचा एक माणूस. त्याच्या घरात दुसरा गडी नव्हता. तुझं पत्र युनिटनं मागून धाडलं, ते मी तिथं पोचल्यावर मिळालं. निघायला पायजे होतं. नाय निघालो. मग खोटं लिहिलं, अन् एकदा लिहिल्यावर..."

"गाडी गाडली गेली हेही मला आज कळतंय."

"तुला घोर लागेल म्हणून."

"सगळं मलाच घोर लागेल म्हणून!" तिनं त्या दिवशी ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली. त्याचं एक वाक्यही आता तिला धड खरं वाटेना. बोटं चार की दोन? गेली की नुसती सांगितलेली? मूल कुणाचं?

आठवड्यानं ती स्वतःच शमीमबाईंकडे गेली आणि पत्र लिहवून घेतलं. आडपडदा ठेवला नाही. वडिलांचं सगळं लिहिलं, आणि विचारलं, माझ्या नवऱ्याची तिथं खरंच इतकी गरज होती का?

दोन महिन्यांनी उत्तर आलं, उज्वलाच्या नावानं. शमीमबाईंनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

"ताई, बाबा गेल्या हिवाळ्यात वारले. उजव्या हाताची चार बोटं नव्हती, फोटो पाठवते आहे. मूल माझं आणि माझ्या नवऱ्याचं, तो लेहला रस्त्यावर खडी फोडतो. हो, गोरक्षभाईंची गरज होती. तिकडं तुमच्या बाबांना त्यांची गरज आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कळलं असतं तर बाबांनीच त्यांना परत धाडलं असतं."

उज्वलानं फोटोतला हात उजेडात धरून पाहिला. घरी येऊन म्हणाली, "ऑगस्टात मीही येणार."

"तिथं लय दमायला होतं. श्वास पुरत नाय."

"मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

ती गेली. पहिले तीन दिवस डोकं धरून पडून राहिली. चौथ्या दिवशी यांगचेन तिला शेतावर घेऊन गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. डोंगर उघडाबोडका, ओढ्यात नुसते गोटे, बऱ्याच दारांना बाहेरून दोर बांधलेले. यांगचेननं जवाचं कणीस खुडून तिच्या हातावर ठेवलं. उज्वलानं नखानं दाबलं. आत दाणा नव्हता. असली बाजरी तिनं माहेरी कितीदा चुरली होती. तिनं यांगचेनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तीन आठवडे तीही माळावरच्या पाटावर दगड वाहू लागली. एका दुपारी गोरक्ष तिच्याशेजारी टेकला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बापाच्या वाटचं पाणी तुम्ही इथं आणलंत."

उत्तराची वाट न बघता ती उठली आणि पुढचा दगड उचलला.

पाटाला पाणी यायला आणखी दोन वर्षं लागली. तोवर आणखी चार घरं लेहला गेली होती. यांगचेनचं पत्र आलं की दोघं मिळून द्वारकेला जात. उज्वला शमीमबाईंना एकेक ओळ दोनदा वाचायला लावी, आणि वाचून होईतो गोरक्षच्या चेहऱ्याकडं बघत बसे.