ड्रॅगनच्या गुहेतली साफसफाई

फाइव्ह एसमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या टापटिपीच्या पद्धतीत, आमच्या लाइनला कंपनीची ढाल मिळालेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे जे झालं त्याला कोणी निष्काळजीपणा म्हणू नये. जी वस्तू बरेच दिवस हलली नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि भंगारात काढायची, एवढं साधं ते शास्त्र. माझ्या बायकोला, हर्षालीला, ते पटत नाही. तो तिचा प्रश्न.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला. हर्षाली दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला, कायम सेकंड शिफ्ट. मी मोशीत बसमधून उतरतो तेव्हा ती समोरच्या स्टॉपवर चढत असते. ती परत येते तेव्हा मी घोरत असतो. लग्नाला वर्ष झालं, पण खरा संसार आम्ही मेव्हणीच्या गेममध्ये केला.

मेव्हणी स्वरूपा परीक्षेच्या वर्षापुरता आपला कन्सोल आमच्याकडे ठेवून गेली होती. गेममध्ये एक तलवारवाला, एक वैदूबाई, जंगलं, गावं आणि सगळ्यात शेवटी ड्रॅगन. सकाळी हर्षाली खेळायची, संध्याकाळी मी तिथूनच पुढे न्यायचो. जाताना ती फोनवर हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीसाठी निरोप, बोलून ठेवायची: दक्षिणेच्या पुलावर चोर आहेत, वैदूबाईला नवी चप्पल घेतली आहे, वांग्याची भाजी फ्रिजमध्ये आहे.

रविवारी संध्याकाळी स्वरूपा कन्सोल न्यायला येणार होती. ड्रॅगन त्याआधी, दोघांनी शेजारी बसून मारायचा असं ठरलं होतं. खरं सांगतो, मला पगारवाढीपेक्षा त्याची जास्त ओढ लागली होती.

म्हणूनच शनिवारी मी तयारी केली. तलवारवाल्याची पिशवी उघडली तर आत नुसता पसारा. तळाशी कसल्यातरी पाल्याच्या जुड्या, एकदाही न वापरलेल्या. लाल चिठ्ठी. सगळा पाला दुकानदाराला विकला आणि त्यात तलवारवाल्याला मोरपिसाची टोपी घेतली. मग गुहेत शिरलो, मागे दार कायमचं बंद झालं, आणि मी सेव्ह करून समाधानाने झोपलो.

रविवारी पोहे खाऊन, पडदे ओढून आम्ही बसलो. ड्रॅगनने पहिल्याच फुंकरीत वैदूबाईला आडवं केलं. हर्षाली निवांत होती. मेलेल्या माणसाला उठवणारा पाला तिने महिनोन्‌महिने रानोमाळ फिरून जमवला होता, खास आजच्यासाठी. तिने पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी टोपीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही इतक्या वेळा मेलो की ड्रॅगनलाच कंटाळा आला असेल. टोपी मात्र एकदाही पडली नाही. हे मी बोलून दाखवलं, ते नको होतं.

हर्षालीने कंट्रोलर खाली ठेवला. क्वालिटीची माणसं भांडत नाहीत, फाइव्ह व्हाय काढतात. मूळ कारण हाती लागेपर्यंत नुसतं का, का विचारत राहायचं.

"वैदूबाई का मेली?"

"पाला नव्हता."

"का नव्हता?"

"मी विकला."

"का विकला?"

"कशासाठी आहे ते माहीत नव्हतं."

"का माहीत नव्हतं?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"आणि मी का सांगितलं नव्हतं?"

भेटतेस कुठे तू सांगायला, असं फटकन म्हणणार होतो. तेव्हा कळलं, पाचवं उत्तर तेच. मूळ कारण समोर आलं की त्यावर कायमचा उपाय करावा लागतो, हा दोन्ही कंपन्यांचा नियम आहे.

उपाय म्हणजे आमचे सुपरवायझर दादासाहेब. त्यांच्याकडे काही मागायचं तर लोक आधी देवाला हात जोडतात, म्हणून मी वर्षभर टाळलं होतं. त्या दिवशी फोन लावला. म्हटलं, साहेब, मला सेकंड शिफ्ट द्या, बायको सेकंडला आहे.

ते म्हणाले, "लगीन होऊन वरीस झालं न्हवं रं तुझं? आन् आता इचारतोस व्हय? ये उद्यापासून सेकंडला."

फोन ठेवला तोवर स्वरूपा दारात उभी. तिने पहिलंच विचारलं, दाजी, मारला का ड्रॅगन? तो ठणठणीत होता. हर्षालीने भराभर वायरी गुंडाळल्या, कन्सोल पिशवीत घातला आणि सख्ख्या बहिणीला जेवून जा असं एकदाही न म्हणता दार लावून घेतलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.