‘लाइन’शेजारची कोरी जागा

पाठीची शिवण सुटलेला, कडा उंदरांनी चाखलेला मी एक म्हातारा इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. विनायकरावांनी मला उज्जैनला आणलं तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानच्या कचेरीत नुकतेच कारकून म्हणून लागले होते. घरात त्यांना सगळे बापू म्हणत. ते मला लाल कापडात गुंडाळून ठेवत आणि हात धुतल्याशिवाय कुणाला शिवू देत नसत. देव्हाऱ्यातल्या देवाचीसुद्धा एवढी बडदास्त नव्हती! मग मी जरा फुगून गेलो तर नवल काय?

जेवणं झाली की बापूंची मुलगी जयू डोळे मिटून मला उघडायची आणि पानावर बोट ठेवायची. बोट ज्या शब्दावर पडेल तो गावात कोण कसा वापरतं ते दुसऱ्या दिवशी ऐकून यायचं, हा त्या घरचा खेळ. एकदा बोट ‘लाइन’वर पडलं. माझ्याकडे अर्थांना काय तोटा? रेषा, ओळ, दोरी, सुरकुती, कवितेचा चरण, आगगाडीचा रूळ, घराण्याची परंपरा. यापलीकडे कुणी काय आणणार, असं म्हणून मी निवांत होतो.

दुसऱ्या दिवशी जयू देवास गेटच्या तांगा-अड्ड्यावरून धावतच आली.

“बापू, एक तांगेवाला दुसऱ्याला म्हणत होता, मेरा छोरा अब लाइन पे आ गया. आणि मिठाईवाल्यानं तर मलाच विचारलं, बिटिया, तुम्हारे पिताजी किस लाइन में हैं?”

बापूंनी माझं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. “यात नाही. कोशात नाही तो अर्थच नाही.”

“विनायका, पोरीचं दिमाग नको खाऊस,” त्यांची थोरली बहीण अक्का पोळ्यांचा डबा झाकत म्हणाली. “बोलणारा बोलला, ऐकणाऱ्याला समजलं. अजून काय पाहिजे तुझ्या कोशाला?”

बापू हसले. त्यांनी बारकी पेन्सिल घेतली आणि माझ्या समासात लिहिलं : सरळ मार्ग. धंदा. मला आधी संताप आला. छापील अंगावर तांगेवाल्याची बोली! पण बापूंचं मुंगीएवढं अक्षर फार देखणं होतं, आणि हळूहळू मला त्या पेन्सिलीची गोडी लागली. कॉलेजातल्या पोरांचा ‘लाइन मारणे’ मात्र बापू लिहायला तयार नव्हते. अक्कानं तो हट्टानं लिहायला लावला, आणि बापू लिहिताना कानापर्यंत लाल झाले.

देश स्वतंत्र झाला. संस्थान जाऊन मध्य भारत हा नवा प्रांत आला. कचेरीवरची पाटी बदलली, आमचा खेळ बदलला नाही. मग छप्पन्न साली मध्य भारतही मध्य प्रदेशात विरून गेला. राजधानी भोपाळला झाली आणि बापूंची बदली तिकडे झाली. जयूचं कॉलेज इथे, म्हणून ती अक्काजवळ राहिली.

“कोश इथेच असू दे,” बापू म्हणाले. “तू शब्द गोळा कर. मी आलो की लिहीन.”

“हो, तुम्हीच लिहायचं. माझं अक्षर बटबटीत आहे.”

बापूंनी पेन्सिल माझ्या पाठीच्या पोकळीत खोचली आणि ते स्टेशनवर गेले. आधी दर सुट्टीला यायचे. आले की पायातल्या चपला काढायच्या आत विचारायचे, “काय काय जमलं?” पुढे येणं विरळ झालं. लाल कापडात पडल्या पडल्या मी दारावरच्या कडीकडे कान लावून असायचो.

एका उन्हाळ्यात कुणीतरी निरोप आणला की बापू भोपाळला इस्पितळात आहेत. गाडी संध्याकाळची होती. तोवर निदान आवाज तरी ऐकू, म्हणून जयू तारघरात ट्रंककॉल लावायला गेली आणि दुपारी रिकामीच परतली.

“तो बाबू सारखा एकच म्हणत होता, अक्का. बिटिया, लाइन नहीं मिल रही.”

तिनं हात धुतले, मला उघडलं, पेन्सिल काढली. बापूंच्या अक्षरांखाली थोडी जागा उरली होती.

“हा अर्थ नाही ग तिथे,” अक्का म्हणाली. “लिही.”

“नाही. हा मी बापूंना सांगणार. तेच लिहितील.”

संध्याकाळच्या गाडीनं दोघी भोपाळला गेल्या. त्या पोचल्या तेव्हा बापू उरले नव्हते. परत आल्यावर जयूनं मला कपाटावर ठेवलं आणि कितीतरी वर्षं उघडलं नाही. उंदरांनी मला तेव्हाच गाठलं.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना उंदरांपासून जपा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनवणी अशी की, दूरच्या माणसासाठी मनात ठेवलेला शब्द त्याच्या येण्यावर टाकू नका. मिळेल त्या वाटेनं आजच पोचवा.

जयूचे केस आता पिकले आहेत. अजूनही ती कधीतरी हात धुऊन मला खाली काढते. डोळे मिटावे लागत नाहीत, ते पान आपसूकच उघडतं. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ती हळूच म्हणते, “बापू, त्या दिवशी लाइनच मिळाली नाही हो.”