मागच्या दाराची रांग

“आपला देश वेगळा झाला की कारखान्यातल्या बायकांच्या पिशव्या तपासणं बंद होणार का?”

शाळेच्या सभागृहात माईक हातात धरून भोंग्याने हे विचारलं, आणि मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणीने, चिमणीने, हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. हे विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनीच लावली होती. भोंगा हे नाव मुळी आवाजामुळे पडलेलं, ती मागे हटते थोडीच! शिवाय मंचावरचे पाहुणे म्हणजे तिचेच बाबा. वेगळं व्हायचं की नाही याचं मतदान तोंडावर आलं होतं आणि बाबा शाळाशाळांतून स्वतंत्र देशाची स्वप्नं सांगत फिरत होते.

बाबा दिलखुलास हसले. “अगं, आधी घर तर आपलं होऊ दे. आतली भांडीकुंडी मग लावू की!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. भोंग्यालाही हसू आलं. पैज जिंकली, विषय संपला.

संध्याकाळी तोच विषय मागच्या दारात उभा होता.

बाबांच्या शिवण-कारखान्यात सध्या फक्त नव्या देशाचे झेंडे शिवले जात. काम सुटलं की बायका मागच्या दाराशी रांग लावायच्या आणि पिशव्या उघडून धरायच्या. चिंधीसुद्धा बाहेर जाता कामा नये, हा नियम आजोबांपासूनचा. बायकांच्या पिशव्या बाईमाणसानेच बघाव्यात म्हणून ते काम आईकडे असे. आईची पाठ धरली तेव्हापासून ते भोंग्याकडे आलं होतं. डबा, ओढणी, छत्री, चला पुढची! हात आपोआप चालायचा आणि तोंडाचा पट्टाही.

“काय गं, बाबांना धारेवर धरलंस म्हणे?” रांगेतून मावशी म्हणाली. मावशी म्हणजे चिमणीची आई. “चिमणी शाळेतून येताना सांगून गेली. हसून हसून लोळत होती.”

“मग! सोडते की काय!” म्हणत भोंग्याने पिशवीत हात घातला. डब्याखाली काहीतरी मऊ लागलं.

“कापड!” ती ओरडली.

विचार असा केलाच नव्हता. सापडलं की ओरडायचं, एवढंच तिला ठाऊक. हातात आला तो एक झेंडा, तळहाताएवढा. कापणीत उरलेले निळे-पांढरे तुकडे जोडून केलेला.

“चिमणीसाठी होता,” मावशी हळूच म्हणाली. “उद्याच्या सभेत तू बोलशील ना, तेव्हा हलवायला.”

बाबा आतून आले. चेहरा सभेतलाच, हसरा. त्यांनी झेंड्याची नीट घडी घातली आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

“नियम सगळ्यांना सारखा, बाई. उद्यापासून येऊ नका.”

मावशीने डबा पुन्हा पिशवीत सरळ ठेवला आणि ती निघून गेली. मागची बाई पुढे सरकली. तिने पिशवी उघडून धरली. भोंग्याने हात घातला. डबा, ओढणी, छत्री. पुढची. हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा चालत राहिला.

जेवताना बाबा म्हणाले, “भाषण झालं ना पाठ? ‘यापुढे आपल्यावर कुणाचा पहारा नको’, इथे जरा थांबायचं हं. तिथे हमखास टाळ्या येतात.”

“मावशीला परत बोलवा ना.”

“चिंधीचं काही नाही गं. शिस्तीचं आहे. देश असाच उभा राहतो.”

“जेव आधी,” आई म्हणाली. “सकाळपासून घसा फोडतेयस, आता का मुकी झालीस? रडतेयस का?”

“नाही.”

खरंच नव्हती रडत. रडू येईल म्हणून वाट बघून झाली होती. घास तोंडात फिरत होता, त्याला चवच नव्हती. तिने ताट बाजूला सारलं. आवाज निघाला तो इतका साधा, की शेजारच्या खोलीतही पोचला नसता.

“आई, बाबा, उद्या मी भाषण करणार नाही. पिशव्याही बघणार नाही. काम सुटलं की रांगेत शेवटी उभी राहीन, दप्तर उघडून. तपासायचं असेल तर माझंही तपासा.”