तीन चेहऱ्यांचा आकडा

मी एक जुना प्रकाशमापक आहे, मित्रांनो. विजेचा मीटर भिंतीवर असतो, मी मात्र तळहातात मावतो. फोटो काढण्याआधी समोर उजेड किती आहे, हे सांगणं माझं काम. माझ्या पुढच्या अंगाला मधाच्या पोळ्यासारखी, खळगेच खळगे असलेली काच आहे. तिच्यामागच्या पट्टीवर उजेड पडला की थोडीशी वीज तयार होते आणि माझा काटा सरकतो. मला बॅटरी लागत नाही. उजेड पडला की मी जागा, पाकिटात घातलं की झोपलेला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका श्वास रोखून आमचे काटे बसवत असत. तिथून खोक्यात बसून मी फार लांब आलो, आणि एका फोटोग्राफरच्या हाती पडलो. पंधरा वर्षं काम केल्यावर माझी पट्टी थकली. माझ्या जातीची पट्टी काही मिळेना. शेवटी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच कारखान्यातल्या मीटरची पट्टी कापूनकुपून माझ्यात बसवली.

"पोट एकीकडचं, डोळा दुसरीकडचा," तो म्हणाला. "चालेल छान. पण दर वेळी आकड्यांच्या रांगेत अर्धं घर जास्त सांगेल. तेवढं सांभाळून घ्या."

फोटोग्राफरने माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, 'अर्धं कमी'. मला मात्र तेव्हापासून कळेनासं झालं की मी बरोबर सांगतो की चूक. जन्म दिलेल्या कारखान्यात मला परत नेलं असतं तर मी वेगळा ठरलो असतो. पट्टीच्या माहेरी नेलं असतं तर तिथेही वेगळाच.

आता माझी एक मर्यादा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मला चेहरा कळत नाही. चेहऱ्यावरून परतून आलेला उजेड तेवढा कळतो. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे, असं मी धरून चालतो. उजळ चेहऱ्यासमोर धरलं की मला वाटतं, इथे उजेड फार आहे. गडद चेहऱ्यासमोर धरलं की वाटतं, इथे उजेड कमी आहे. माझं ऐकणाऱ्याने हे लक्षात ठेवायचं असतं. आमच्या फोटोग्राफरची तर एक ठरलेली रीतच होती. कुटुंबाचा फोटो असला की घरातल्या कर्त्या माणसाच्या चेहऱ्यावरून माप घ्यायचं, तेच सगळ्यांना लावायचं. तीस वर्षांत या रीतीने त्याला कधी अडचण आली नव्हती, कारण एका घरातली माणसं बहुधा एकाच वर्णाची येत.

मग एका सोमवारी ती तिघं आली.

बाबा इथलेच, पलीकडच्या रस्त्यावर चष्म्यांचं दुकान असलेले, गोरे, उंच. आई फार लांबच्या देशातली, खूप गडद वर्णाची, शब्द तोलून बोलणारी. आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. केस आईचे, दाट आणि कुरळे. हनुवटी आणि बाहेर आलेले कान बाबांचे. रंग दोघांपैकी कुणाचाच नाही. ती स्टुलावर बसून सारखी गोल फिरत होती, म्हणून फोटोग्राफरची थोरली बहीण तिला म्हणाली, "अगं भिंगरी, स्टूल मोडशील!" तेव्हापासून स्टुडिओत ती भिंगरीच झाली.

"प्रवासाच्या परवान्यासाठी फोटो हवाय," बाबा म्हणाले. "तिघांचा एकत्र. माझी सासू आजारी आहे. ह्या दोघी शनिवारी निघतायत. मुलीचं नाव आईच्या परवान्यावर चढवायचं, तर आईबाप दोघांबरोबरचा फोटो लागतो म्हणे."

"नाही मिळाला परवाना तर?" फोटोग्राफरने विचारलं.

"तर मी एकटी जाणार," आई म्हणाली. "माझी आई वाट बघते आहे. तिने हिला कधी पाहिलं नाही."

भिंगरी फिरायची थांबली.

फोटोग्राफरने रीतीप्रमाणे मला बाबांच्या चेहऱ्यासमोर धरलं. मी आकडा सांगितला. त्याने अर्धं घर वजा केलं आणि फोटो काढला. निगेटिव्ह धुतल्यावर दिसलं, की बाबा ठीक आले आहेत, आई आणि मुलगी मात्र अंधारात गेल्या आहेत. आईच्या चेहऱ्यावर तर डोळ्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

"दे इकडे," बहीण म्हणाली. तिला सगळे मावशी म्हणत. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते, तिथे छापलेला फोटो उजळ येतो. आजवर तिने कितीतरी नवऱ्यामुलांचे देवीचे व्रण बुजवले होते आणि कितीतरी आजोबांच्या डोळ्यांखालची वर्तुळं पुसली होती. दीड दिवस ती खिडकीशी बसून पेन्सिल चालवत राहिली. अगदी प्रेमाने. तिला वाटलं, एका घरची माणसं एका घरची दिसायला हवीत.

बुधवारी फोटो छापून झाला. तिघंही एकसारखी गोरी.

आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारलं, "ही बाई कोण?"

वेळ नव्हता, म्हणून बाबा तोच फोटो आणि दोघींना घेऊन कचेरीत गेले. तासाभरात परत आले. "कारकून म्हणाला, फोटोतली बाई आणि समोरची बाई एक नाही. आणि मुलगी तर तिसरीच कुणाची तरी! उद्या दुपारी चारच्या आत दुसरा फोटो द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

मावशीचा चेहरा पडला. "मी काय वाईट केलं रे? चांगलं दिसावं म्हणूनच केलं ना?"

"रीतच चुकली," फोटोग्राफर म्हणाला. "या वेळी आईच्या चेहऱ्यावरून माप घेतो."

त्याने मला आईसमोर धरलं. मला वाटलं, इथे उजेड फारच कमी आहे. मी तसं सांगितलं. त्या आकड्यावर काढलेल्या फोटोत आई धुरकट फिकी आली, आणि बाबा पार पांढरे पडले. भुवया गेल्या, नाक गेलं, फक्त चष्म्याची काडी राहिली. "बाबांचं भूत झालं!" भिंगरी हसली. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून ती निरखू लागली. पहिला फोटो मावशीने पेन्सिल लावण्याआधीचा, कच्चा छापलेला होता.

"काका," ती म्हणाली, "या पहिल्या फोटोत मी फक्त आईची दिसते. आणि दुसऱ्यात फक्त बाबांची."

"हं."

"मग खरी कुठली?"

फोटोग्राफरने डोकं खाजवलं. मित्रांनो, मी तर पुरता गोंधळलो होतो. दोन्ही आकडे मीच दिले होते. दोन्ही वेळा माझा काटा प्रामाणिक होता. तीच मुलगी, तोच दिवा, तेच स्टूल. तरी मी एकदा तिला इकडे ढकललं होतं आणि एकदा तिकडे. चूक माझ्या उसन्या डोळ्याची की माझ्या घडणीचीच, हेही मला सांगता येईना.

गुरुवारी सकाळी ती तिघं पुन्हा आली. परवान्याचा आज शेवटचा दिवस. बाबा सारखे घड्याळ बघत होते. आईने मुलीच्या केसांना पाण्याचा हात लावला आणि तिच्या कानात स्वतःच्या भाषेत काहीतरी सांगितलं. भिंगरीने उत्तर मात्र आमच्या भाषेत दिलं, "मला नाही भीती वाटत." पण ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काका, तुम्ही हा मीटर दर वेळी आमच्याकडे का धरता?"

"मग कुठे धरू, बाई?"

"उजेड तर दिव्याचा आहे ना? आमचा थोडाच आहे?"

फोटोग्राफर मला हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग खुर्चीवर चढून त्याने वरच्या फळीवरचं माझं मूळ खोकं काढलं. त्यात कापसात गुंडाळलेली एक दुधी रंगाची, अर्ध्या चेंडूसारखी टोपी होती. ती माझ्या काचेवर बसवली की मी माणसाकडून परतलेला उजेड मोजत नाही, माणसावर पडणारा उजेड मोजतो. माझ्या बनवणाऱ्यांनी ती दिली होती. तीस वर्षांत तिची कधी गरजच पडली नव्हती.

फोटोग्राफरने टोपी बसवली, मला आधी बाबांच्या हनुवटीशी नेलं आणि माझं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. मी आकडा सांगितला. मग मुलीच्या हनुवटीशी. मग आईच्या. तिन्ही वेळा काटा एकाच रेघेवर थांबला. मला आधी वाटलं, मी बिघडलो.

"तोच?" भिंगरीने विचारलं.

"तोच," फोटोग्राफर म्हणाला. "उजेड तिघांवर सारखाच पडतोय की!"

त्याने अर्धं घर वजा केलं आणि फोटो काढला. दोन वाजता कागद अजून ओला होता. बाबा गोरे होते, आई गडद होती, आणि मधे बाहेर आलेल्या कानांची, कुरळ्या केसांची मुलगी होती. मावशीचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला.

"ताई," फोटोग्राफर म्हणाला.

"अरे, फक्त कपाळावरचा एक ठिपका..."

"तो माझाच आहे, मावशी," भिंगरी म्हणाली. "देवीचा व्रण नाही, पडले होते मी."

मावशीने पेन्सिल खाली ठेवली आणि ओला फोटो लवकर वाळावा म्हणून स्वतः पंख्यासमोर धरून उभी राहिली. साडेतीनला तिघं धावत गेली. शनिवारी मायलेकी निघाल्या.

दोन महिन्यांनी शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढायला भिंगरी एकटीच आली. थोडी उंच झाली होती.

"आजी भेटली?" मावशीने विचारलं.

"भेटली. अकरा दिवस भेटली." मावशीने तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

थोड्या वेळाने भिंगरी म्हणाली, "काका, तिकडे ना, सगळे म्हणत होते, कान बघा, रंग बघा, हुबेहूब बापावर गेलीये. इथे सगळे म्हणतात, आईवर. मी तर तीच असते. मग असं कसं होतं?"

"मला नाही माहीत, बाळ," फोटोग्राफर म्हणाला. मग त्याने विचारलं, "मागे पडदा कुठला लावू? पांढरा की काळा?"

"कुठल्यात बरी दिसेन?"

"बघू या."

तो चार पावलं मागे उभा राहिला आणि टोपी न लावता त्याने मला तिच्याकडे धरलं. पांढऱ्या पडद्यापुढे माझा काटा खूप वर गेला. काळ्या पडद्यापुढे पार खाली आला. भिंगरी उठून काटा बघायला आली. तिच्या कपाळावर आठी पडली. "बघा! हाही तेच करतो!"

फोटोग्राफर जरा विचारात पडला. मग तो तिच्या अगदी जवळ गेला, एका वितीवर. माझी सावली तिच्या गालावर पडू नये म्हणून थोडा बाजूला झाला. मला आता पडदा दिसत नव्हता, फक्त तिचा गाल होता. मी आकडा सांगितला. त्याने पांढरा पडदा ओढून काळा लावला आणि पुन्हा मोजलं. काटा त्याच रेघेवर. तिने त्याला आणखी दोनदा मोजायला लावलं. दोन्ही वेळा तोच आकडा. तो तिच्या आईचा नव्हता, बाबांचाही नव्हता. याआधी कुणाच्याही चेहऱ्यासमोर मी तो सांगितला नव्हता.

"मग पडदा कुठला?" फोटोग्राफरने पुन्हा विचारलं.

ती स्टुलावर बसली आणि हळूहळू फिरू लागली. एकदा या पडद्याकडे, एकदा त्या. "मला नाही ठरवता येत," ती म्हणाली.

"मग बस," तो म्हणाला. "मला घाई नाही."

ती अर्धा तास बसली. शेवटी त्याने दोन्ही पडद्यांपुढे एकेक फोटो काढला. शाळेत कुठला दिला, ते मला कधीच कळलं नाही.

मित्रांनो, हल्लीचे कॅमेरे उजेड स्वतःच मोजतात, त्यामुळे मी बहुतेक वेळ पाकिटात झोपून असतो. माझी पट्टी पुन्हा थकते आहे. मला ओलीत ठेवू नका, तापलेल्या खिडकीत विसरू नका, एवढंच स्वतःसाठी मागणं आहे. आणि एक मागणं तुमच्या वर्गातल्या, गल्लीतल्या एखाद्या भिंगरीसाठी. ती कुणासारखी आहे, हे चार पावलांवरून सांगू नका. तेवढ्या लांबून मोजलं, की मागचा पडदाही आकड्यात येतो. मी अनेकदा तसं केलं आहे, म्हणून सांगतो. जवळ जा. आणि जवळ गेलात, की आपली सावली तिच्यावर पडत नाही ना, तेवढं बघा.